लायलचं इंजिन

वेंडेल हूकस्ट्राने दारूच्या नशेत भावाची गाडी मार्चमधल्या कच्च्या बर्फावर घातली आणि तळ्यात बुडवली, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गाडी अजून तळाशीच आहे म्हणतात. तिच्या आरशात गळ अडकून निदान चौघांच्या दोऱ्या तुटल्या आहेत. न्हाव्याचा मेहुणा तर शपथेवर सांगतो की पाणी नितळ असलं की हेडलाइट दिसतात. विझलेले, पण दिसतात.

तळ्यात गाडीबिडी काही नाही. वेंडेल दारू पीत नाही. हूकस्ट्रांच्या घरात कॉफीसुद्धा पातळ करतात. गाडी गेली ती ऑगस्टमध्ये, लख्ख उजेडात, काउंटीच्या जत्रेत, भरल्या मंडपाच्या टाळ्यांत. आणि वेंडेल पूर्ण शुद्धीवर होता. तेच त्याला आयुष्यभर नडलं. बुडाली असती तर अपघात म्हणून सुटका झाली असती.

मला हे त्याच्याच तोंडून कळलं. माझ्या आईचा, बॉनीचा, हमरस्त्याला रूट बिअरचा, म्हणजे बिनदारूच्या गोड फेसाळ सरबताचा, स्टॉल आहे. मे ते सप्टेंबर दर शनिवारी संध्याकाळी आमच्या आवारात जुन्या गाड्या जमतात. बॉनेट उघडायचं, घडीची खुर्ची पुढे मांडायची, ऑलिव्ह बर्गर मागवायचा आणि दुसऱ्याच्या इंजिनात मान घालून उसासा टाकायचा. मी ट्रे नेते. कान आपले उघडेच असतात.

तिथे सगळ्यांची आरती एकच. "ठेवायला हवी होती." कोणी लग्नासाठी विकली, कोणी पेट्रोल महागलं म्हणून फुंकून टाकली, कोणी विमा परवडेना म्हणून मेव्हण्याच्या गळ्यात मारली. गॉर्डी नावाचा एक टकलू आहे, तो तर दर शनिवारी नव्याने शोक करतो. मी त्याची हुबेहूब नक्कल करते, दातांतल्या शिट्टीसकट: "बायको म्हणाली, मागच्या सीटवर पाळणा मावत नाही. विकली. आता पोरगा पंचेचाळीसचा घोडा झालाय आणि त्याला गाडीतलं ओ का ठो कळत नाही. गाडी ठेवून पोरगा विकायला हवा होता, बॉनी!"

वेंडेल मात्र हे वाक्य कधी म्हणत नसे. तो मळकट रंगाच्या व्हॅनमधून यायचा, खुर्ची सगळ्यांच्या मागे टाकायचा आणि ऐकत बसायचा. जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला माणूस. अंगाने ओंडका, आवाजाने मात्र मऊ. निघायची वेळ झाली की दोन्ही गुडघ्यांवर थाप मारून म्हणायचा, "बरं तर." त्यानंतर अर्धा तास तिथेच.

लायल म्हणजे त्याचा थोरला भाऊ. आमच्या शाळेची बस लायलच चालवतो. दोघांची घरं एकाच रस्त्यावर, मध्ये फक्त मक्याची शेतं. पण वेंडेल स्टॉलवर येतो म्हणून लायल कधी स्टॉलवर आला नाही, आणि लायल ज्या चर्चमध्ये जातो तिथे वेंडेलने पाऊल टाकलं नाही. चाळीस वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत.

लायलची नक्कल माझ्या हातचा मळ होती. तो प्रत्येक वाक्याआधी नाकातून एक "हंऽ" सोडतो, मग वाक्य असं टाकतो जसं काही खिशातून शेवटचं नाणं काढून देतोय. "हंऽ. खाली बसा. मला आरसा आहे." एवढंच. वर्षभर एवढंच. गेल्या मे महिन्यात एका शनिवारी मी खिडकीपाशी पोरापोरींना ते करून दाखवत होते. सगळी खिदळत होती, आणि एकदम गप्प झाली. मागे वेंडेल उभा होता, हातात रिकामा मग घेऊन.

मला वाटलं, आता आईकडे तक्रार.

तो म्हणाला, "पुन्हा कर."

"सॉरी, वेंडेल. मी सहज..."

"अगं, कर म्हणतोय ना, मैने. कर."

मी केलं. तो डोळे मिटून उभा राहिला. मग म्हणाला, "नाकातून जरा कमी. आमची आई तसं बोलायची, त्याचं तिच्यावर गेलंय. पण तिच्याइतकं नाही." मी कमी केलं. त्याने रिकामा मग पुढे केला, मी भरून दिला, आणि तो खुर्चीवर जाऊन बसला. त्या दिवशी "बरं तर" झालंच नाही.

पुढच्या शनिवारी तो गर्दी व्हायच्या आतच आला. "काय म्हणाला या आठवड्यात?"

"कोण?"

"मग कोण, राज्यपाल?"

तेव्हापासून तो रिवाजच पडला. मी आठवडाभर बसमध्ये कान टवकारून बसायचे आणि शनिवारी माल पोचवायचे. "हंऽ. सफरचंद खिडकीबाहेर फेकायचं नसतं." "हंऽ. हरणं आहेत, ओरडू नका." वेंडेल हसायचा, नाक पुसायचा. एकदा त्याने मगाकडे बघत विचारलं, "त्याच्या आवाजात 'वेंडेल' म्हणशील?"

"मला नाही येणार. त्यांना ते नाव घेताना मी ऐकलेलंच नाही. न ऐकलेलं मला येत नाही."

"हो. बरोबर आहे," तो म्हणाला. "मलाही आता नीटसं आठवत नाही."

त्याच दिवशी त्याने मला सगळं सांगितलं.

गाडी होती एकोणसत्तर सालची ओल्ड्समोबिल, 'चार-चार-दोन' मॉडेल. त्यांच्या बापाने ती जिथे बनायची त्या लान्सिंगच्या कारखान्यात, इंजिन गाडीत उतरवण्याच्या जागी, हयात घालवली. लोणच्याच्या कारखान्यात काकड्या निवडून साठवलेल्या पैशांत लायलने ती जुनी विकत घेतली. बापाने बॉनेट उघडून आत पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "हे मी बसवलेलं असू शकतं." हूकस्ट्रांच्या घरात याहून मोठं कौतुक होत नाही. पुढच्याच वर्षी बाप गेला आणि लायल फौजेतून जर्मनीला गेला.

"गाडी माझ्या हवाली," वेंडेल सांगत होता. "आणि तुला सांगतो, तेव्हा त्या गाडीला कोणी क्लासिकबिसिक म्हणत नव्हतं. दहा वर्षांचं गंजकं धूड. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने दारांची चाळणी केलेली. पेट्रोलला रांगा. पंपवाला मला बघून हसायचा. लायलचा फोन आला, ख्रिसमसला. जर्मनीहून फोन म्हणजे काय, धड ऐकू येत नाही. मी म्हटलं, गाडी सडतेय. तो म्हणाला, तुला हवं ते कर."

"मग?"

"मग मला हवं ते केलं." त्याने मान खाली घातली. "वीस वर्षांचा होतो. मला हवं होतं जत्रेतल्या ठोकाठोकीत उतरायला."

ठोकाठोकी म्हणजे चिखलाच्या रिंगणात गाड्या एकमेकींवर आदळायच्या, जी शेवटपर्यंत हलत राहील ती जिंकली. काचा काढतात, दारं साखळीने बांधतात. शहाणी माणसं चांगलं इंजिन आधी काढून ठेवतात आणि भंगारातलं एखादं घालतात. वेंडेलनेही तसंच केलं. शेजाऱ्याच्या सडक्या स्टेशन वॅगनचं इंजिन तिच्यात घातलं, लायलचं कोठारात लोखंडी घोडीवर, म्हणजे स्टँडवर, चढवून घोंगडीत गुंडाळलं. गाडीवर दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगाने नाव लिहिलं. स्वतःचं नाही. 'लायल'.

"दुसरा आलो," तो म्हणाला. "पहिलासुद्धा नाही. मागची चाकं पार पुढच्या सीटपर्यंत आली होती. करंडक मिळाला, एवढासा. आईने टीव्हीवर ठेवला. आणि मूर्खपणा ऐक. मला वाटलं, लायल खूश होईल. तो आला, अंगावर युनिफॉर्म, पिशवी अजून खांद्यावर. दारातच मी म्हटलं, दुसरा नंबर! तुझ्या नावाने खेळलो! तो कोठारात गेला, रिकामी जागा बघून आला. विचारलं, इंजिन? मी म्हटलं, आहे, सुरक्षित आहे, घेऊन जा. तो म्हणाला, तुलाच ठेव." वेंडेलने गुडघ्यांवर हात ठेवले, पण थाप मारली नाही. "ते शेवटचं."

"आणि तळ्याचं?"

"ते गॉर्डीने उठवलं. त्याला वाटलं, मला बरं पडेल."

तेव्हापासून तो इंजिन सांभाळत आला होता. जाम होऊ नये म्हणून महिन्यातून एकदा लांब पाना लावून हाताने फिरवायचा, तेल बदलायचा, घोंगडी झटकायचा. चालू मात्र कधी केलं नव्हतं. "ते माझं नाही ना," म्हणाला. आता मात्र त्याचा खांदा निकामी होत चालला होता आणि पाना फिरेना. लायलने इंजिन परत न्यावं, एवढं एकच त्याला हवं होतं. न्यायचं नसेल तर निदान एकदा चालताना ऐकावं. उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधीच्या आठवड्यात तो मला म्हणाला, "येत्या शनिवारी इथे आणतो. घोडीसकट. चालू करतो. तू त्याला सांग."

"मी?"

"तू काय, माझ्याच आवाजात सांग. तुला येतो, मला माहीत आहे."

त्याच्या आवाजात सांगायची छाती मला झाली नाही. शेवटच्या थांब्यावर सगळी उतरल्यावर मी बसच्या दांड्याला धरून भडाभडा बोलून टाकलं: वेंडेल, इंजिन, शनिवार, सहा वाजता. लायल समोर रस्त्याकडे बघत होता.

"हंऽ. पिवळ्या रेषेच्या मागे उभी राहा."

मी मागे झाले. दार उघडलं. मी पायरीवर असताना तो म्हणाला, "रंग कोणता आहे त्याचा?"

"तांबूस. कारखान्यातलाच. वेंडेलने हात लावलेला नाही."

"हंऽ."

मी हे वेंडेलला जसंच्या तसं, दोन्ही "हंऽ" सकट सांगितलं आणि म्हटलं, "येणार! रंग विचारला म्हणजे येणार!"

"येईल," वेंडेल म्हणाला. "पण गाडीतून उतरायचा नाही."

"उतरणार!"

"मी त्याला तुझ्या आईच्या जन्माच्याही आधीपासून ओळखतो. नाही उतरणार."

"लावता पैज?"

त्याने हात पुढे केला. मी जिंकले तर त्याने आईची कागदी टोपी घालून एक शनिवार ट्रे न्यायचे. तो जिंकला तर मी लायलची नक्कल बंद करायची. कुणापुढेही नाही, कधीच नाही.

"हे काय भलतंच," मी म्हटलं. "तुम्हालाच तर ऐकायची असते."

"उतरला तर तुझ्या नकलेची गरज काय मला? आणि नाही उतरला," तो म्हणाला, "तर ती ऐकवणार नाही मला."

शनिवारी त्याने इंजिन ट्रेलरवरून आणलं. गॉर्डीने आणि आणखी दोघांनी घोडी उतरवायला हात दिला. तांब्याच्या जुन्या घंगाळासारखं दिसत होतं ते. पुढे रेडिएटर, बाजूला बॅटरी, पेट्रोलचा डबा. वेंडेलने इस्त्रीचा शर्ट घातला होता. सहाला रस्त्याच्या पलीकडच्या कडेला खडीवर एक हिरवट पिकअप येऊन थांबली. काच खाली झाली. कोपर बाहेर आलं. वेंडेलने तिकडे पाहिलंच नाही. त्याने बटण दाबलं.

आधी नुसतं कण्हणं. मग एक खोकला, काळ्या धुराचा लोट, पुन्हा कण्हणं. गॉर्डी पुटपुटला, "चल गं बाई, चल." आणि ते पेटलं. मी पुष्कळ आवाज तोंडाने काढते, पण हा निघत नाही, त्याला पिंपाएवढी छाती लागते. घबघब घबघब, जमिनीतून वर येणारं, तळपायाला आधी कळणारं. आईच्या काउंटरवरचे मग किणकिणायला लागले. गॉर्डी रडत होता, पण तो कशालाही रडतो.

वेंडेल एकेका मापकाकडे बघत उभा राहिला. बराच वेळ. पिकअपचं दार हललं नाही. मग रस्त्यापलीकडून हाक आली, मोठ्याने, नाकातून:

"हंऽ! टायमिंग मागे आहे!"

वेंडेलने पाना घेतला, ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला. घबघब एकसारखी झाली, गोल झाली, जणू कुणी आत बसून श्वासाची लय लावली. वेंडेलने मान वर केली. लायलने स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली. आमच्याकडे रस्त्यात भेटणाऱ्या कुणालाही नमस्कार म्हणून उचलतात, अनोळखी ट्रॅक्टरवाल्यालाही. काच वर गेली. पिकअप मक्याच्या शेतांकडे निघून गेली.

वेंडेलने इंजिन बंद केलं. एवढ्या आवाजानंतर ती शांतता कानात दुखत होती.

मी धावत गेले. "बोलले! वेंडेल, चाळीस वर्षांनी बोलले तुमच्याशी!"

"इंजिनशी बोलला," तो म्हणाला.

"पण तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं." तो घोंगडी नीट घडी करत होता, पुन्हा पुन्हा तीच घडी. "बरोबर होतं त्याचं. मागेच होतं. चाळीस वर्षं मागे ठेवलं मी ते." मग त्याने हात पुसला आणि माझ्यापुढे धरला. "उतरला नाही."

"ही काय पैज झाली? दार नाही उघडलं, पण हाक तर मारली ना!"

"हाकेवर पैज नव्हती, मैने."

मी हात मिळवला. 'टायमिंग मागे आहे' हे वाक्य तेव्हा माझ्या जिभेवर होतं, त्या शेवटच्या किंचित वर चढणाऱ्या सुरासकट, अगदी ताजं. वेंडेलने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. हरले ते हरलेच.