घोटभर पाणी

कॅज्युअल्टीत मी रुग्णांसमोर पाणी पीत नाही. तहान लागली की चादरी ठेवायच्या खोलीत जाते, दार लोटते आणि उभ्याउभ्याच बाटली तोंडाला लावते. नव्यानं आलेली डॉक्टर मुलं हसतात, त्यांना वाटतं मॅडमचं काहीतरी सोवळं आहे. सोवळं कसलं आलंय. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांचं तातडीनं ऑपरेशन व्हायचं असतं, तोवर त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंबही जाऊन चालत नाही, आणि ज्याला आपणच तहानलेला ठेवलाय त्याच्यासमोर घटाघटा पाणी प्यायला मला जमत नाही. मी नोकरीला लागले तेव्हाच्या एका म्हाताऱ्या सिस्टरनं ही सवय लावली. तिनं शिकवलेलं बाकी बरंच विसरले, हे राहिलं.

आमचं रुग्णालय उपनगरातलं, सरकारी. ‘ह्यांना तोंडानं काही द्यायचं नाही’ हे वाक्य मी दिवसभर म्हणत असते, आणि ते कुणीही पाळत नाही. रिकाम्या पोटी माणूस बरा कसा होईल, हा प्रत्येक नातेवाइकाचा प्रामाणिक प्रश्न असतो. एकदा अपेंडिक्सच्या पोराच्या उशाखाली वडापाव सापडला. एका आजीनं नातवाला ऑपरेशनच्या तोंडावर साबुदाण्याची खिचडी भरवली आणि वर मलाच समजावलं, की उपाशीच ठेवलाय हो त्याला, उपासाचंच दिलंय. मी ओरडते. माझा आवाज मोठा आहे आणि संयम थोडा, हे बाहेर रिक्षा लावणाऱ्यांनाही माहीत आहे. पण ओरडून काही होत नाही. मी पाठ फिरवली की पदराखालून डबा निघतोच.

इतक्या वर्षांत एकाच बाईनं माझा शब्दन् शब्द ऐकला. तिचीच ही गोष्ट आहे.

मे महिन्यातली भर दुपार होती. वाकोल्याहून रिक्षात घालून तिनं नवऱ्याला आणलं. तो पन्नाशीचा, अंगानं काटक, मरोळला पुठ्ठ्याचे खोके करणाऱ्या कारखान्यात मशीनवर उभा राहणारा. गुडघे दुखायचे म्हणून कित्येक महिने मेडिकलमधून गोळ्या घेऊन खात होता, त्याही सकाळी नुसत्या चहावर. दोन दिवसांपूर्वी काम करता करता पोटात एकदम सुरी खुपसल्यासारखं दुखलं, तसाच घरी आला. मुंबईत प्रत्येक माणूस स्वतःचं निदान स्वतः करून येतो आणि ते बहुतेक वेळा ‘गॅस’ हेच असतं. ह्यांचंही तेच झालं. ओवा झाला, सोडा झाला, पोटाला तेल लावून झालं. मग दुखणं जरा कमी झालं, तेव्हा दोघांनी सुटकेचा निःश्वास सोडला. ह्या आजारात असंच होतं. मध्ये काही तास दुखणं ओसरतं आणि माणूस फसतो.

पोटदुखीनं गडाबडा लोळणारा माणूस आला तर मी फारशी घाबरत नाही. हा गुडघे पोटाशी घेऊन निपचित पडला होता, स्ट्रेचरला कुणाचा धक्का लागला तरी कळवळत होता. डोळे खोल गेलेले, नाडी हाताला जेमतेम लागत होती. पोटावर हात ठेवला तर ते पोळपाटासारखं टणक. एक्स-रेत छातीच्या पडद्याखाली हवेची काळी कोर दिसली आणि शंका उरली नाही. गोळ्यांनी जठराला भोक पडलं होतं, आतलं सगळं दोन दिवस पोटात सांडत होतं.

मी तिला बाजूला घेऊन समजावलं. पोटात भोक आहे, ऑपरेशन करून शिवावं लागेल. पाणी प्यायले तर ते त्या भोकातून पोटात सांडेल, आणि भूल देताना उलटी झाली तर फुप्फुसात शिरेल. मग सगळ्यांना सांगते तसं बोट उगारून सांगितलं.

“एक थेंब द्यायचा नाही. काही झालं तरी नाही. कळलं?”

तिनं मान हलवली. सगळेच हलवतात.

सर्जन येऊन बघून गेला. ऑपरेशन करायचंच होतं, पण वर थिएटरमध्ये एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता, तिला टेबलावरून उठवता येणार नव्हतं. दुसरीकडे हलवायचं तर त्या वेळच्या ट्रॅफिकमध्ये अँब्युलन्सला याहून जास्त वेळ लागला असता, आणि त्याची तब्येत रस्त्यावर न्यायची नव्हती. तेव्हा थांबायचं ठरलं. दोन्ही हातांना सलाइन लावली, इंजेक्शनं दिली, नाकातून पोटात नळी घातली. करण्यासारखं सगळं केलं.

त्याला दुखण्यापेक्षा तहानेनं जास्त छळलं. सलाइन शिरेतून जातं, तहान घशात असते. जीभ भाजलेल्या पापडासारखी झाली होती. तो आधी नुसता ओठांवरून जीभ फिरवत राहिला, मग बायकोच्या पिशवीकडे बघायला लागला. पिशवीत घरून भरून आणलेली स्टीलची बाटली होती.

“घोटभर दी गो,” तो म्हणाला. “कोणाक कळाचा नाय.”

ती नाही म्हणाली. मी दुसऱ्या खाटेवर एका मुलीच्या कोपराला टाके घालत होते, पण कान तिकडेच होते, कारण पुढं काय होतं ते मला पाठ होतं. आता ही इकडेतिकडे बघणार आणि झाकण उघडणार. तिनं इकडेतिकडे बघितलं, आणि सिस्टरला हाक मारून विचारलं, की ह्यांचे ओठ तरी ओले केले तर चालतील का. सिस्टरनं गॉजचा तुकडा ओला करून, घट्ट पिळून दिला. तिनं तो ओठांना लावला मात्र, त्यानं दातांत धरला आणि चोखायला लागला. काही केल्या सोडेना. ती घाबरली. त्याच्या तोंडातून तो तुकडा तिनं ओढून काढला आणि बाटली घेऊन सरळ माझ्याकडे आली.

“मॅडम, ही तुमच्याकडे ठेवा. माझ्या हातात राहिली तर मी देईन.”

मी बाटली घेतली आणि टेबलावर ठेवली. बाजूला थोडी चेपलेली साधी बाटली, बाहेरून थंडावा धरलेली. थोड्या वेळानं लक्षात आलं, की खाटेवरून ती त्याला दिसतेय. आधी तो बायकोकडे बघत होता, आता माझ्या टेबलाकडे बघत होता. मी ती कॉम्प्युटरच्या मागे सरकवली.

मी त्याचं ब्लडप्रेशर बघायला गेले तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं. “मॅडम, घोटभर. मी कोणाक सांगूचंय नाय.” माझ्यापेक्षा कितीतरी मोठा माणूस, आणि शाळेतल्या पोरासारखा गयावया करत होता. मी म्हटलं, ऑपरेशन झालं की पहिलं पाणी मी स्वतः आणून देईन. ऑपरेशननंतरही बरेच दिवस पाणी मिळत नाही, हे मला माहीत होतं. ते सांगायला माझी जीभ वळली नाही.

तिला बसायला स्टूल दिलं होतं, पण ती बसली नाही. त्याच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसत उभी होती. मी जवळ गेले तेव्हा मला म्हणाली, की आमच्या गावाला दारात अनोळखी माणूस आला तरी आधी गूळपाणी देतात, मग विचारतात कोण, कुठला. ती तक्रार करत नव्हती. नियम का पाळायचा तेही तिला पुरतं समजलं होतं. फक्त ते सहन होत नव्हतं आणि कुणालातरी सांगायचं होतं.

तो मग चिडला. तहान माणसाला चिडचिडं करतेच, त्यातून ताप मेंदूत चढायला लागला होता. तिचा हात त्यानं झटकला.

“इतक्या वर्सांत काय मागलंय तुझ्याकडे?”

कॅज्युअल्टीत मी शिव्या ऐकल्यात, मारामाऱ्या ऐकल्यात, छाती बडवून केलेला आक्रोश रोज ऐकते. पण हे ऐकून मला तिथून निघून जावंसं वाटलं. झटकलेला हात तिनं थोडा वेळ पोटाशी धरला आणि परत त्याच्या कपाळावर ठेवला. एक माझी मान हलली असती तर तिनं धावत येऊन बाटली नेली असती. माझ्याकडे ती बघतही होती. मी मान हलवली नाही. तेच बरोबर होतं. आज तसाच माणूस आला तर आजही तेच करेन.

अखेर वरून फोन आला. बाळंतीण वाचली होती, थिएटर मोकळं होत होतं. वॉर्डातल्या मामांनी स्ट्रेचर आणलं, तिनं चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या, का कोण जाणे, आणि अनवाणीच स्ट्रेचरबरोबर लिफ्टपर्यंत गेली. ती त्याच्याशी काहीतरी बोलत होती. त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं होतं. लिफ्टचं दार लागेपर्यंत त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

मग इकडे रांग लागली. छातीत कळ आलेला टॅक्सीवाला, झिजलेल्या पायरीवरून पडलेली म्हातारी, तापानं फणफणलेलं बाळ. उन्हाळ्यात आमच्या इथले पंखे गरम हवाच इकडून तिकडे करतात. चादरींच्या खोलीकडे जायला मला सवड झाली नाही, आणि ती बाटली कॉम्प्युटरमागे तशीच राहिली.

दिवेलागणीला सर्जनचा फोन आला. तो एरवी भरभर बोलणारा माणूस, पण त्या वेळी अडखळत होता. पोट पुवानं भरलेलं होतं. भोक शिवून झालं होतं, पोट धुऊन होत आलं होतं, तेवढ्यात ब्लडप्रेशर पडलं ते वर आलंच नाही. बराच वेळ प्रयत्न केले. दोन दिवस आधी आला असता तर, असं तो म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. आम्ही सगळे ते वाक्य तिथेच सोडतो. घरच्यांना सांगितलंय, एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. मी सिस्टरला सांगितलं. ती त्याची रिकामी खाट उगाचच परत पुसायला लागली.

थोड्या वेळानं त्याची बायको खाली आली. चपला घालायला आली असेल असं मला वाटलं, पण कोपऱ्याकडे तिनं बघितलंही नाही. माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती. मी उठले. इतकी वर्षं मृत्यूच्या बातम्या सांगतेय, पण ज्याला बातमी आधीच कळलीय त्याला काय सांगायचं, ते मला कधीच येत नाही.

“मॅडम, माझी बाटली.”

मी ती कॉम्प्युटरमागून काढून तिच्या हातात दिली. तिनं ती दोन्ही हातांनी धरली, पण निघाली नाही.

“आता दिलं तर चालेल ना?”

तिला अजून माझी परवानगी हवी होती. मी चालेल म्हटलं, पण आवाज फुटला नसावा, कारण तिनं परत विचारलं. मी तिच्याबरोबर वर गेले. कॅज्युअल्टी सोडून असं जायचं नसतं, पण सिस्टरनंच मला हातानं ढकललं.

वर मामांनी नळ्या काढून त्याचं तोंड पुसून ठेवलं होतं. तिची मुलगी बोरिवलीहून कामावरून धावत आली होती, ती पायाशी डोकं टेकून हुंदके देत होती. बाईनं बाटलीचं झाकण उघडलं, त्या झाकणातच पाणी ओतलं, एका हातानं त्याची हनुवटी जरा खाली केली आणि ओठांशी धरलं.

“घे,” ती म्हणाली. “आता कोण काय बोलाचा नाय.”

पाणी ओठांच्या कोपऱ्यातून गळ्याकडे ओघळलं. तिनं ते पदरानं टिपलं आणि झाकण परत भरलं. तेही ओघळलं. ती घाई करत नव्हती. त्याचा काही राग असलाच तर तो निघेपर्यंत ती देत राहणार, असं वाटत होतं. मी दाराशी उभी होते आणि मला रडू आवरत नव्हतं. एरवी मी चादरींच्या खोलीपर्यंत तरी पोहोचते.

मग ती माझ्याकडे वळली. बाटलीत अर्ध्याहून जास्त पाणी उरलं होतं.

“तुम्ही प्या आता,” ती म्हणाली. “दुपारपासून बघतेय, तुम्हीपण पाणी घेतलं नाही.”

मी नको म्हटलं. तिनं बाटली पुढं केलेला हात मागं घेतला नाही. दारात आलेल्या माणसाला द्यावं तशी ती बाटली धरून उभी होती, आणि त्या दिवशी दुसऱ्यांदा तिच्या हातचं पाणी अडवायची माझी छाती झाली नाही. मी बाटली घेतली. पाणी कोमट झालं होतं. त्याच्या उशाशी जाऊन, त्याच्यासमोर, मी ते प्यायले.