उसनी झोप

मालीशमामांनी जन्मभर दुसऱ्यांची दुखणी अंगठ्याखाली धरली. स्वतःचं मात्र कुणाला दाखवलं नाही. खास मोहिमांवर जाणाऱ्या त्या निवडक तुकडीत ते रुजू झाले तेव्हा तिथे एक टेबल आणि एक तेलाची बाटली एवढंच होतं. पुढे बर्फाच्या पाण्याचे टब आले, ध्यान शिकवणारे आले आणि शेवटी मनगटावरचा पट्टा आला. जवान किती झोपला, हृदय कसं चाललं, सगळं तो टिपायचा. सकाळी पडद्यावर हिरवा दिवा लागला तरच मोहीम.

"एवढी पाळत तर माझी बायकोही ठेवत नाही," असं मामा हसत म्हणायचे.

आज मात्र त्यांना हसू येत नव्हतं. काल मालीशच्या टेबलावर पालथा पडलेला तुकडीतला जवान ढाण्या हळूच म्हणाला होता, "मामा, मागच्या मोहिमेपासून डोळ्याला डोळा लागत नाही. आजची रात्र पट्टा तुम्ही घाला ना. तुम्ही तर पडल्या पडल्या घोरता."

"आणि पकडले गेलो म्हणजे?"

"तुमच्या घोरण्यावर कोण शंका घेणार?"

पोरगं त्यांच्याच हाताखाली उभं राहिलेलं. मामांना नाही म्हणवलं नाही.

आता डॉक्टरबाईंच्या पडद्यावर ढाण्याचा दिवा लाल होता.

"झोप छान आहे," बाई म्हणाल्या, "पण ठोके चुकताहेत. मध्येच अडतात, मग धावतात."

ते ठोके मामांचे होते. जिन्यात लागणारी धाप त्यांना आठवली. बायको रोज म्हणायची, "अहो, एकदा दाखवून या." यांचं ठरलेलं उत्तर, "मला काय धाड भरलीय?"

"छातीला तारा लावून बघू," बाई ढाण्याला म्हणाल्या. "स्वच्छ निघालं तर पट्ट्याची चूक समजेन. मग संध्याकाळी खुशाल जा."

ढाण्यानं मामांकडे बघून डोळा मारला. स्वच्छच निघणार होतं! मामांनी फक्त गप्प बसायचं होतं. नोकरी वाचली असती, अब्रू वाचली असती. पण ढाण्याची बोटं शर्टाच्या एकाच बटणाशी झटत होती, आणि ते काही केल्या सुटत नव्हतं. याच बोटांत संध्याकाळी बंदूक असणार होती.

"मॅडम, थांबा." मामांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "रात्री तो पट्टा मी घातला होता. याला कित्येक दिवस झोप नाही."

"मामा! असा दगा?" ढाण्या ओरडला.

"शिव्या दे बाबा. पण जाऊ नकोस."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "तुमच्या दोघांचं नंतर बघते. मामा, आधी शर्ट काढा."

मामा आपल्याच मालीशच्या टेबलावर आडवे झाले. इतकी वर्षं इतरांना इथे झोपवलं, पण वरचं छत ते आज पहिल्यांदाच बघत होते. तारा गार लागल्या. यंत्रातून कागद सरकू लागला आणि बाईंचा चेहरा गंभीर होत गेला.

"काय दिसतंय, मॅडम?"

"बोलू नका."

मामांनी चाचपडत हात पुढे केला. ढाण्या रागानं अजून धुमसत होता, पण त्यानं तो घट्ट धरला.