दोन तारखेच्या टँकरपुढचं शून्य

सगळ्यात आधी माझा गाढवपणा सांगते. पन्नाशीला आले तेव्हा जावास्क्रिप्ट शिकले आणि स्वतःला लई शहाणी समजायला लागले. दर रविवारी केसांना मेंदी, हातात माऊस... भुतंखेतं, भास म्हणजे रिकाम्या डोक्याचे धंदे, असं मैत्रिणींना सुनवायची. आता नातवंडं झाली, केस कापसासारखे झाले. आता सांगायला हरकत नाही.

दुष्काळाची वर्षं होती. बजाजनगरातली आमची कॉलनी बघता बघता वीस गल्ल्यांची झाली आणि बोअर आटले. टँकर रोज एकच, रोज एका गल्लीला. म्हणून तारीखवार यादी छापणारं एक पान मी कॉम्प्युटरवर लिहिलं. लेक म्हणाली, "आई, एक ते नऊ तारखांच्या आधी शून्य लाव, ०१, ०२ असं."

"पाणी नाही तिथं रिकाम्या घागरी कशाला मांडू?" मी म्हटलं.

नाहीच लावलं. मग माझ्या कोडनं तारखा आकड्यांसारख्या न लावता अक्षरांसारख्या लावल्या — १ नंतर थेट १०, ११ करत १९, आणि मग कुठं २. मी न बघताच छापलं. एक तारखेला सकाळी कागद टाकीच्या भिंतीवर खळीनं चिकटवला. स्वयंपाकातून तशीच उठलेली, कोपऱ्यात हळदीचा अंगठा उमटला. घराला कुलूप घातलं आणि लेकीला घेऊन भाचीच्या लग्नाला लासूर स्टेशनला गेले.

चार तारखेला परतले. कॉम्प्युटरवर यादी पाहिली, तेव्हा कुठं चूक दिसली. टँकरवाले सलीमभाई तारीख बघत नसत. रोज यादीतली एक ओळ, वरून खाली. म्हणजे दोन तारखेची गल्ली बारा तारखेपर्यंत कोरडी. त्याच गल्लीत माझ्या मैत्रिणीची, सुमनची सून, दहा दिवसांची बाळंतीण.

तशीच पळाले. सुमन दारात लंगोट वाळत घालत होती.

"पाणी?"

"आलं की ताई, दोन तारखेलाच. ड्रम भरलेत. तुम्ही कामून धापा टाकायल्या?"

टाकीपाशी गेले. कागद तोच, हळदीचा अंगठा तोच. पण यादी ०१, ०२, ०३... एकदम सरळ. हातानं लिहिलेली नाही, छापलेली. घरी येऊन पुन्हा छापून पाहिलं — १, १०, ११. कॉलनीत प्रिंटर माझा एकच, आणि किल्ली तिन्ही दिवस माझ्या पर्समध्ये.

कोडमध्ये शून्य लावायला एक ओळ पुरली. बाकीच्याचं कारण मला आजवर सापडलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सलीमभाईंना विचारलं, यादी कोणी बदलली? पाइप गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले,

"आप हीच तो बदले ना ताई, दो तारीख को. बाल एकदम सफेद दिखे, मैं पूछा मेंदी धुल गई क्या, तो आप हसे. बोले, 'ती शहाणी लग्नाला गेलीय, सलीमभाई. तिचं शून्य राहिलं होतं.'"