काटा पन्नासवर होता

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, एकतीस वर्षं एकाच टायरच्या दुकानात कामाला. बोटांच्या पेरांत रबराची काळी रेघ कायमची बसलेली, कुठल्याच साबणाला दाद न देणारी. दुसऱ्याची चूक त्यांना कोसभरावरून दिसायची. मी त्यांचीच मुलगी, तेव्हा हा गुण माझ्यातही उतरला आहेच.

दुकानात त्यांची एक रीत होती, तिला सगळे हसायचे. कुणी मूळ मापापेक्षा वेगळे टायर बसवले की अण्णा ती गाडी हायवेवर काढत. काटा साठवर धरून दोन दगडांमधला किलोमीटर घड्याळ लावून मोजत आणि परत आल्यावर मीटरखाली कागदाची पट्टी चिकटवत : ‘काटा ६०, खरे ६६.’ गिऱ्हाईक विचारी, “हे काय नवीन?”

“चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते,” अण्णा सांगत. “मीटर बिचारं फेरे मोजतं. चाक बदललंय हे त्याला कोण सांगणार? ते जुन्या हिशोबाने कमीच दाखवणार.”

अण्णांचा धाकटा भाऊ, माझा काका, आमच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत काकूबरोबर राहायचा आणि शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. व्हॅन स्वतःची, ऑटोमॅटिक गिअरची. शाळेजवळच्या खड्ड्यांत तिचं पोट घासायचं. दुकानात कुणीतरी परत केलेले चार टायर आले, जवळजवळ कोरे, एक माप मोठे. अण्णांनी ते भावासाठी राखून ठेवले आणि जेवणाच्या सुट्टीत बसवून दिले. पट्टी? घरचीच गाडी, रविवारी बघू. तो रविवार काही उजाडला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

महिन्याभरात काका म्हणाला, “दादा, गाडी जड झालीय रे. गिअर उशिरा बदलते. चढावर तर वरचा, खालचा, वरचा, खालचा, तिचं तिलाच ठरत नाही.”

अण्णा जेवत होते. “म्हातारी झाली ती,” एवढं बोलून त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

मग नोटिसा आल्या. पन्नासची मर्यादा असलेल्या रस्त्यावर पंचावन्न, छप्पन, पुन्हा पंचावन्न. मुलांची गाडी, त्यामुळे तिसऱ्या नोटिशीबरोबर सुनावणीचं पत्रही आलं. लायसन्स सहा महिने जाणार होतं, आणि त्याबरोबर शाळेचं कामही. काका ते पत्र घेऊन पुढच्या खोलीत आला.

“काटा पन्नासवर होता, दादा. मुलं असतात गाडीत. मी काट्यावरून नजर हलवत नाही.”

काकाने तरुणपणी एकदा भरधाव स्कूटर भिंतीवर घातली होती. वीस वर्षं झाली त्याला, पण अण्णांच्या मनातून ती भिंत हलली नव्हती. “जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही,” ते काकूसमोर, माझ्यासमोर म्हणाले. “लोकांची पोरं घेऊन उडतोस आणि वर खोटं बोलतोस?”

“तू चल ना माझ्याबरोबर. टायरवाला आहेस, तुझा शब्द ऐकतील. गाडी तपासा म्हणून सांग.”

“खोट्याची साक्ष द्यायला मी येणार नाही.”

काकूने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत बसले. खरं सांगायचं तर मलाही तो खोटंच बोलतोय असं वाटलं होतं.

लायसन्स गेलं. शाळेने मुलं दुसऱ्या व्हॅनला दिली. काका एका गोदामावर पहारेकरी म्हणून उभा राहू लागला आणि त्याची व्हॅन अंगणात धूळ खात पडली.

दोन महिन्यांनी, बॅटरी उतरू नये म्हणून अण्णांनी ती एका रविवारी हायवेवर काढली. मी शेजारी बसले होते. चढ लागला, गिअरची वर-खाली सुरू झाली, आणि अण्णांचं बोलणं अर्ध्यावरच थांबलं. सपाटीला आल्यावर म्हणाले, “मोठ्या चाकांनी गिअर असे चुकतात. घड्याळ बघ. दगड आला की सांगतो.”

काटा साठवर. साठच्या वेगाने किलोमीटरला एक मिनिट लागतं, हे त्यांच्याकडून ऐकून ऐकून मला पाठ होतं. चोपन्न सेकंद लागले. पुन्हा चोपन्न. तिसऱ्यांदा पंचावन्न. अण्णांनी गाडी कडेला घेतली आणि ते रडायला लागले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला दया आली नाही, रागच आला.

दुसऱ्या दिवशी ते परिवहन कचेरीत जाऊन आले. अपिलाची मुदत टळून गेली होती. खिडकीतल्या बाईने सरळ विचारलं, “मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?”

संध्याकाळी अण्णा मागच्या खोलीत गेले. काका कामावरून नुकताच येऊन बूट सोडत होता. अण्णांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. “चूक माझी. काटा पन्नासवरच होता.”

“ते मला माहीत होतं, दादा,” काका म्हणाला. “टायरचं काय, चूक कुणाचीही होते. पण मी खोटं बोलत नाही हे कळायला तुला घड्याळ लावावं लागलं.”

काकाने दुसरा बूट सोडला आणि दोन्ही भिंतीला लावून ठेवले.

सहा महिन्यांनी लायसन्स परत मिळालं. दोन वर्गांची मुलंही मिळाली. मूळ मापाचे टायर काकाने परस्पर बसवून आणले. आता तो हवा भरायलाही दोन चौक पुढच्या दुकानात जातो. रस्ता अण्णांच्या दुकानावरूनच आहे. व्हॅन जाताना अण्णा हातातला पाना खाली ठेवतात आणि ती वळेपर्यंत फुटपाथवर उभे राहतात.