खाडीत मासळी भरपूर

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी विषय घेतला आमच्या कोळीवाड्यामागच्या खाडीतली मासळी. मॅडमची अट एकच: प्रत्येक माहितीपुढे लिहायचं, ती कोणी दिली आणि कशावरून दिली.

मला पाच साइट सापडल्या. पाचही म्हणत होत्या, खाडीत मासळी भरपूर आहे. माझी सटकलीच. भरपूर? मग माझा बाप होडी विकून ऑफिसच्या गेटवर वॉचमनगिरी करतो ती काय हौस म्हणून? खाडीत भराव नको म्हणून होडीवाल्यांनी अर्ज केला होता, तोही ‘मासळी भरपूर’ याच शेऱ्याने परत आला होता. मग भराव पडला आणि होडी गेली. पण पाच जण तेच सांगतायत म्हटल्यावर मी गप्प बसले.

लायब्ररीतले सर म्हणाले, “अगं, त्या पाचांना कोणी सांगितलं ते बघ ना.”

बघितलं. पाचांनीही एकाच जुन्या सरकारी अहवालातून उचललं होतं. अहवालात त्या वाक्याखाली बारीक अक्षरात आधार दिला होता: मालाडच्या बाजारात गेटाशी, नारळवाल्याशेजारी बसणारी मासेविक्रेती. त्या जागेवर पंधरा वर्षं माझी आय बसते.

घरी आले तेव्हा आय कोलंबी सोलत होती. बाबा ड्युटीवरून येऊन जेवायला बसला होता. मी आयला विचारलं, खाडीतल्या मासळीची चौकशी करायला बाजारात कधी कोणी आलं होतं का.

“फाईलवाली दोघं आली व्हती खरी,” आय म्हणाली. “म्हावरा पन घेऊन गेली, बोयटं.”

“आणि तू त्यांना भरपूर म्हणून सांगितलंस?”

“मंग काय! गिऱ्हाइकापुढं कोन बोलतं गो, म्हावरा नाय म्हणून? आपले खाडीचा ताजा म्हावरा, रोजच सांगते.”

माल ती तेव्हाही धक्क्यावरून आणायची, खाडीतला नाही. हे घरात माहीत होतं, बाजारात नाही.

“वाट लावलीस, आय! ते छापलंय. बाबाचा अर्ज त्याच्यावरूनच परत आलाय.”

बाबाचा हात ताटातच थांबला. आय उठली, हात धुतले, पदराला पुसत माझ्याशेजारी येऊन बसली. मला तिचा राग येत होता आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं.

“जाऊ दे,” मी म्हटलं. “मी विषय बदलते.”

“बदलू नको. लिव, ती बाई खोटं बोलली. पोटासाठी बोलली, पन खोटंच.”

“तुझी गिऱ्हाइकं वाचतील.”

“वाचू दे.” मग बाबाकडे न बघता ती म्हणाली, “होडी माझ्या तोंडापायी गेली.”