गोणपाटामागचा बिबट्या

प्राणिसंग्रहालयात बिबट्याच्या पिंजऱ्याला समोरून गोणपाट बांधलं होतं. राखण करणारे काका सांगत होते, "फासकीत अडकून पाय गेला त्याचा. जंगलात सोडला तर जगायचा नाही. माणसं बघून बिथरतो, म्हणून आडोसा केलाय."

"अहो, जरा सरकवा की! पोरं लांबून आलीत," एक बाई म्हणाल्या. मागून कुणीतरी शिट्टी मारली. काकांचा हात गोणपाटाकडे गेला.

मी सहसा बोलत नाही. मी मूळची इथली नाही, माझं मराठी ऐकून लोक हसतात. पण त्या दिवशी तोंडातून निघालंच, "काका, नका सरकवू."

"मग इथे यायचं कशाला?" बाई फणकारल्या.

प्रश्न खरा होता. बिबट्या इथे आला म्हणून जगला, हे मला मान्य आहे. अशी जागा हवीच. पण जीव वाचवला म्हणून त्याने रोज आपल्यापुढे उभं राहायचं, हा कुठला न्याय?

काकांनी हात मागे घेतला. बाई माझ्याकडेच बघत होत्या.

"मुलांना सांगा," मी म्हणाले, "बिबट्या आत आहे. त्याला आज कुणाला भेटायचं नाही."