लाल-पांढरी वायर

वडील गेल्यावर महिन्याभराने मी त्यांचा जुना अँप्लिफायर नव्या टीव्हीला जोडायला घेतला. दुसरं काही करायला सुचत नव्हतं.

आतापर्यंत तो जुन्या टीव्हीला लाल-पांढऱ्या वायरीने जोडलेला असायचा. चालू केला की स्पीकरमधून आधी बारीक घूं ऐकू यायचं. तेवढ्यावरून वडील येऊन बसलेत हे आईला कळायचं आणि ती त्यांचा बिनसाखरेचा चहा ठेवायची. अर्थिंग नीट करून घ्या म्हणून मी कितीदा चिडलो असेन. ते एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. म्हणायचे, "असू दे रे, आमच्याकडचीच वीज आहे ती."

मी द्वारका चौकातल्या दुकानातून ऑप्टिकल केबल आणली, आणि तिच्यातला डिजिटल आवाज जुन्या अँप्लिफायरला चालेल असा करून देणारी एक डबीही. दोन्ही जोडलं. आवाज स्वच्छ आला, मागे काहीच नाही. काही दिवस बातम्या ऐकल्या. त्यात काय होतं ते आठवत नाही.

मग एका संध्याकाळी मी ते सगळं काढलं आणि लाल-पांढरी वायर परत खोचली. टीव्ही लावलाच नाही, नुसता अँप्लिफायर चालू केला आणि घूं ऐकत बसलो.

थोड्या वेळाने आईने चहा आणून माझ्यापुढे ठेवला आणि आत गेली. मी घोट घेतला. साखर नव्हती. मी तो संपवला.